एका मोटरपासून सुरुवात: कारखान्यात नव्याने लागलेल्यांसाठी मोजमापाच्या साधनांची ओळख

दसरा-दिवाळीच्या सुमारास परभणी, जालना, बीड भागातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामाची तयारी सुरू होते आणि त्याच दिवसांत रिवाइंडिंगच्या दुकानांपुढे मोटरींची रांग लागते. मोटर उन्हाळ्यापासून बंद, मधे पावसाळ्याची दमट हवा, वाइंडिंगने (आतल्या तारेच्या वेढ्यांनी) ओल धरलेली, आणि कुणीही काही न मोजता स्टार्टरचं हिरवं बटण दाबलेलं. मेगर, म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावायला पाच मिनिटं लागली असती.

आयटीआय करून वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना किंवा लातूरच्या कारखान्यात नुकतेच मेंटेनन्सला लागलेले वायरमन आणि फिटर यांच्यासाठी हा लेख आहे. मोबाइलला जोडायचा थर्मल कॅमेरा, चुंबकाने चिकटणारा व्हायब्रेशन सेन्सर, अ‍ॅपवर युनिट दाखवणारा एनर्जी मीटर ही साधनं आता लहान कारखान्यांतही दिसतात. पण सुटा आकडा काहीच सांगत नाही. त्याच मोटरचा, त्याच जागी, तेवढ्याच लोडवर घेतलेला जुना आकडा शेजारी असला तरच बदल दिसतो. म्हणून सगळा कारखाना एकदम हाती घेऊ नका. एक मोटर निवडा आणि तिच्यावर प्रत्येक साधन शिका.

इथे उदाहरणाला १० एचपीची मोटर घेऊ: ७.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, १४४० आरपीएम, स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणारा), पूर्ण लोडचा करंट सुमारे १४ अँपिअर. तुमच्या मोटरचे खरे आकडे नेमप्लेटवर असतात. प्लेटवर रंग चढला असेल तर तो पुसून आधी फोटो काढून ठेवा.

हात लावण्याआधी

मीटर घेताना किमतीच्या आधी त्यावरचा कॅट क्रमांक (मीटर किती धोक्याच्या जागी वापरता येतो ते सांगणारा) पाहा. कारखान्याच्या पॅनेलवर काम करायचं तर मीटर आणि त्याच्या दोन्ही लीड किमान कॅट-३, ६०० व्होल्टच्या हव्यात. ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या मुख्य इनकमरवर कॅट-४ लागतो. मीटर चांगला आणि लीड बाजारातल्या स्वस्त, हे नेहमी दिसतं. मग संरक्षण त्या लीडइतकंच उरतं.

सप्लाय बंद झाल्याची खात्री तीन टप्प्यांत करायची. आधी चालू असलेल्या दुसऱ्या ठिकाणी मीटर लावून तो दाखवतो का ते बघा. मग आयसोलेटर बंद करून, कुलूप लावून, आपल्या मोटरच्या टर्मिनलवर तपासा: तिन्ही फेज एकमेकांत आणि प्रत्येक फेज अर्थशी. मग परत त्या चालू ठिकाणी मीटर लावा. ही तिसरी पायरी लोक गाळतात. मधल्या वेळात मीटर बिघडला किंवा लीड आतून तुटली असेल तर शून्य व्होल्ट दिसतो आणि फेज मात्र जिवंत असते.

पॅनेलमध्ये कपॅसिटर असेल तर बंद केल्यावर निदान पाच मिनिटं थांबा आणि त्याच्या टोकांवर डीसी व्होल्ट मोजून मगच हात घाला. व्हीएफडी ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) आत ५८०-५९० व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो. किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हच्या अंगावरच छापलेलं असतं, तेवढं थांबा.

एका गोष्टीने नवखे हमखास गोंधळतात. बंद वायरवर डिजिटल मीटर ६०-८० व्होल्ट दाखवतो. शेजारून जाणाऱ्या चालू वायरीमुळे आलेला हा भासाचा व्होल्टेज असतो, कारण मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहमच्या घरात असतो आणि तो जवळपास करंटच ओढत नाही. ‘लो-झेड’ ची (मीटरचा रोध मुद्दाम कमी करण्याची) सोय असलेल्या मीटरवर तो लगेच कोसळतो. कोसळला नाही तर तो खरा सप्लाय आहे असं धरा.

क्लॅम्प मीटर

पहिली खरेदी हीच असावी, आणि ती ट्रू आरएमएस असावी. साधा क्लॅम्प शुद्ध साइन वेव्ह गृहीत धरून आकडा काढतो. व्हीएफडी, रेक्टिफायर, एलईडी अशा लोडचा करंट वेडावाकडा असतो, तिथे साधा क्लॅम्प बराच कमी दाखवतो. फरक ४० टक्क्यांपर्यंतही जाऊ शकतो. वायर गरम लागते आणि मीटर म्हणतो सगळं ठीक, असा प्रकार होतो तो यामुळेच.

क्लॅम्पच्या जबड्यात एकच वायर यायला हवी. तिन्ही एकदम धरल्या तर बेरीज शून्याजवळ येते, आणि त्याचा दुसरा उपयोग आहे: तिन्ही फेज एकत्र धरूनही काही आकडा उरला तर तेवढा करंट अर्थमध्ये गळतोय. मात्र ही गळती मिलीअँपिअरमध्ये असते, त्यासाठी लीकेज क्लॅम्प लागतो.

आता आपली मोटर. समजा पॅनेलच्या इनकमिंगवर आर १४.२, वाय १३.६, बी १५.७ अँपिअर आले. सरासरी १४.५. सगळ्यात जास्त फरक बी फेजचा, १.२. म्हणजे करंटचा असमतोल ८.३ टक्के. आता व्होल्टेजही मोजा, कारण व्होल्टेजमध्ये फक्त १ टक्का असमतोल असला तरी करंटमध्ये ६ ते १० टक्के दिसू शकतो. दोष सप्लायचा की मोटरचा, हे ओळखायची युक्ती अशी: मोटर बंद करून, कुलूप लावून, स्टार्टरच्या इनकमिंगच्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा. आर वायच्या जागी, वाय बीच्या जागी, बी आरच्या जागी. तिन्ही सरकवल्यामुळे फिरण्याची दिशा बदलत नाही. परत चालवा. जास्तीचा करंट बी फेजच्या वायरीबरोबरच राहिला तर गडबड सप्लायमध्ये आहे. तो स्टार्टरच्या जुन्याच टर्मिनलवर राहिला तर दोष मोटरमध्ये किंवा स्टार्टरपासून पुढच्या जोडणीत. दोनच वायरी बदलल्या तर मोटर उलटी फिरेल, आणि पंप किंवा एलिव्हेटरवर ते महागात पडेल.

स्टार-डेल्टामध्ये क्लॅम्प कुठे लावला ते लिहून ठेवा. मोटरकडे जाणाऱ्या सहापैकी एका वायरवर लावला तर लाइन करंटच्या ५८ टक्केच दिसतो: १४ ऐवजी साधारण ८.१ अँपिअर. ओव्हरलोड रिले याच वायरींत बसवलेला असेल तर त्याचं सेटिंगही ८.१ च्या आसपास हवं. ‘मोटर १४ अँपिअरची आहे’ म्हणून रिले १४ वर लावलेला असतो, मोटर जळते तरी तो ट्रिप होत नाही, आणि दोष रिलेवर येतो.

मेगर

मेगर हे खरं तर एका कंपनीचं नाव, पण आपल्याकडे इन्सुलेशन टेस्टरला सगळे मेगरच म्हणतात. ४१५ व्होल्टच्या मोटरला ५०० व्होल्ट डीसी लावायचा. नव्या डिजिटल यंत्रात २५०, ५००, १००० असे पर्याय असतात. बटण आधीच्या माणसाने १००० वर ठेवलेलं असू शकतं, बघून घ्या.

१. मोटर बंद, कुलूप, तीन टप्प्यांची खात्री. मोटर व्हीएफडीवर किंवा सॉफ्ट स्टार्टरवर असेल तर त्याच्या आउटपुटच्या तिन्ही वायरी सोडवा. त्या न सोडवता ५०० व्होल्ट मारला तर मोटरच्या चाचणीत ड्राइव्ह जातो, आणि या साध्या चुकीने आजही ड्राइव्ह जळतात. वाइंडिंगमध्ये थर्मिस्टर (तापमान ओळखणारा छोटा सेन्सर) असेल तर त्याच्या वायरीही वेगळ्या करा.

२. टर्मिनल बॉक्स उघडा. आत धूळ, कापसाचं तूस, ओल असेल तर कोरड्या कापडाने पुसा. हे न करता घेतलेला आकडा वाइंडिंगचा नसतो, टर्मिनल प्लेटवरच्या मळाचा असतो.

३. मेगरच्या दोन्ही लीड सुट्या धरून चाचणी घ्या, आकडा कमाल हवा. मग लीड जोडून घ्या, शून्य हवं. लीड खराब असेल तर इथेच कळेल.

४. मेगरची अर्थ लीड बॉडीच्या रंग खरवडलेल्या भागावर किंवा अर्थ बोल्टवर लावा. लाइन लीड यू-१ टर्मिनलवर (तिन्ही वाइंडिंगची नावं यू, व्ही, डब्ल्यू). बटण दाबून पूर्ण एक मिनिट धरा आणि एक मिनिटाचाच आकडा लिहा. पाच सेकंदांचा आकडा आणि एक मिनिटाचा आकडा यांत मोठा फरक असतो.

५. व्ही-१ आणि डब्ल्यू-१ वर तेच करा. टर्मिनल जोडणाऱ्या पट्ट्या काढून किंवा स्टार-डेल्टाच्या सहाही वायरी सुट्या करून वाइंडिंग-वाइंडिंगमध्येही मोजा: यू-व्ही, व्ही-डब्ल्यू, डब्ल्यू-यू.

६. प्रत्येक चाचणीनंतर वाइंडिंग डिस्चार्ज करा. चाचणीला लागला त्याच्या चौपट वेळ धरा, म्हणजे एका मिनिटाला चार मिनिटं.

लहान लो-व्होल्टेज मोटरला ४० अंश सेल्सिअसवर किमान ५ मेगाओहम हवा. चांगल्या कोरड्या मोटरला शेकडो मेगाओहम येतात. तापमान इथे फार महत्त्वाचं आहे: वाइंडिंग १० अंशांनी तापलं की रोध ढोबळमानाने निम्मा होतो. जानेवारीच्या सकाळी २० अंशांवर ४० मेगाओहम दाखवणारी मोटर ४० अंशांवर साधारण १० दाखवेल. म्हणून रजिस्टरमध्ये आकड्याशेजारी तापमान नसेल तर दोन वर्षांचे आकडे ताडून बघता येत नाहीत.

आकडा १-२ मेगाओहमवर अडकला तर लगेच रिवाइंडिंगला पाठवू नका. बहुतेक वेळा ओल असते. मोटर ताडपत्रीखाली ठेवून आत २०० वॅटचे एक-दोन बल्ब लावा. बल्बची काच वाइंडिंगला किंवा ताडपत्रीला टेकता कामा नये, वर वाफ जायला वाट हवी, आणि वाइंडिंग ८०-९० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. दर तासाला मेगर घ्या. पहिले काही तास आकडा आणखी खाली जातो आणि नवखा माणूस घाबरून बल्ब काढतो. घाबरू नका. वाइंडिंग तापतंय म्हणून तो उतरतोय. ओल निघू लागली की आकडा वर चढतो आणि मग एका पातळीवर स्थिरावतो. स्थिरावल्यावर, मोटर थंड करून, पुन्हा एकदा मोजा. दिवसभर सुकवूनही हलला नाही तर मात्र इन्सुलेशन गेलं आहे.

मेगरने एक गोष्ट कळत नाही: एकाच वाइंडिंगमधले वेढे आपसात शॉर्ट झालेले. अर्थशी रोध शंभर मेगाओहम दाखवतो आणि मोटर तरी धूर काढते. त्यासाठी तिन्ही वाइंडिंगचा ओहममधला रोध जुळतो का ते बघावं लागतं. १० एचपीच्या मोटरमध्ये तो एक-दोन ओहमच्या घरात असतो, आणि मल्टीमीटरच्या लीडचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो. चार वायरींचं मिलीओहम मीटर मिळालं तरच हा तपास भरवशाचा.

थर्मल कॅमेरा

याचं चित्र रंगीत, म्हणून याच्यावरच विश्वास सगळ्यात आंधळा बसतो. कॅमेरा तापमान मोजत नाही. तो पृष्ठभागावरून येणारे अवरक्त किरण मोजतो आणि हिशेबाने तापमान सांगतो. चकचकीत तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची बसबार (पॅनेलमधली करंट वाहणारी पट्टी) फारच कमी किरण सोडते आणि आरशासारखी समोरच्याचे परत फेकते. ती ९० अंशांवर असली तरी कॅमेरा ४० दाखवू शकतो आणि कधी कधी त्यात तुमच्याच चेहऱ्याची उष्णता दिसते. उपाय स्वस्त आहे: शटडाऊनमध्ये बसबारवर आणि लगवर (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर) काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवून ठेवा आणि कॅमेऱ्यात इमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती किरण सोडतो तो आकडा) ०.९५ ठेवून त्या टेपवर मोजा. पॅनेलच्या ॲक्रिलिक पडद्यातून किंवा काचेतून काहीच दिसत नाही, पडद्याचंच तापमान येतं.

घ्यायची वेळ: मोटर लोडवर निदान अर्धा-पाऊण तास चाललेली हवी. पॅनेलचं दार चालू सप्लायवर उघडायचं काम परवानगी, हातमोजे, फेस शील्ड आणि सोबत जाणकार माणूस असल्याशिवाय करू नका.

समजा कॉन्टॅक्टरच्या आउटगोइंग टर्मिनलवर आर ७१, वाय ५२, बी ५० अंश आले, आणि तिन्हींचा करंट सारखा आहे. आर आणि बी यांत २१ अंशांचा फरक. सारख्या लोडवरच्या सारख्या टर्मिनलमध्ये १५ अंशांपेक्षा जास्त फरक म्हणजे लगेच हात घालायचं काम. ४ ते १५ म्हणजे लवकरच्या शटडाऊनमध्ये बघायचं. १ ते ३ असेल तर नोंद करून पुढच्या वेळी ताडून बघायचं. जोडावर निघणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणून हाच दोष अर्ध्या लोडवर फक्त पाचेक अंशांचा दिसेल आणि नजरेतून सुटेल. चित्रासोबत त्या क्षणाचा करंट लिहिला नसेल तर ते चित्र कामाचं नाही.

उष्णता टर्मिनलवर जास्त आणि वायरीवर पुढे गेल्यावर कमी होत जाते, तर जोड ढिला किंवा गंजलेला. पूर्ण वायर सारखीच तापलेली, तर वायर बारीक किंवा लोड जास्त. तिन्ही फेज सारख्याच तापलेल्या, तर पॅनेलचा फॅन, फिल्टर आणि शेडची हवा बघा; एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेरच ४२ अंश असतात आणि बहुतेक मोटरी ४० अंशांच्या हवेसाठी बनवलेल्या असतात. ढिला जोड सापडला की नुसता स्क्रू आवळून सोडू नका. लग काढून बघा. आत काळा थर, तुटलेल्या तारा किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या वायरीला तांब्याचा लग आढळला तर आवळूनही तो महिनाभरात परत तापेल; तिथे बायमेटॅलिक (तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम जोडलेला) लग लागतो.

लेझरची आयआर गन लोकांना कॅमेऱ्याइतकीच वाटते. तिच्यावर १२:१ लिहिलं असेल तर ६० सेंटिमीटरवरून ती ५ सेंटिमीटर रुंद ठिपक्याची सरासरी सांगते. टर्मिनल १ सेंटिमीटरचं असतं. लाल ठिपका टर्मिनलवर, आकडा मात्र आजूबाजूच्या गार प्लास्टिकसकट.

चिकटवायचा व्हायब्रेशन सेन्सर

सेन्सर बेअरिंगच्या घरावर बसवा, कपलिंगकडच्या बाजूला, आडव्या दिशेने. मागच्या फॅनच्या पत्र्यावर बसवलेला सेन्सर पत्र्याचा थरथराट सांगतो. चुंबकाखालचा रंग खरवडा. लहान मोटरींची बॉडी बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमची असते, तिथे चुंबक धरत नाही. लोखंडी चकती इपॉक्सीने चिकटवून तिच्यावर बसवा. दुतोंडी टेपने चिकटवलेला सेन्सर उन्हाळ्यात सरकतो, आणि टेपचा मऊपणा वरच्या फ्रिक्वेन्सी खाऊन टाकतो.

१५ किलोवॅटपर्यंतच्या लहान यंत्रांसाठी आयएसओ १०८१६ या जुन्या मानकातले आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत: ०.७१ मिमी प्रति सेकंदपर्यंत उत्तम, १.८ पर्यंत चालेल, ४.५ पर्यंत लक्ष हवं, त्यापुढे नुकसान. १४४० आरपीएम म्हणजे २४ हर्ट्‌झ. ज्या सेन्सरचं अ‍ॅप फ्रिक्वेन्सी दाखवतं त्यात २४ वर मोठा सुळका दिसला तर असंतुलनाचा संशय, ४८ वर असेल तर कपलिंगच्या अलाइनमेंटचा. नेमक्या १०० वर असेल आणि सप्लाय तोडताक्षणी गायब होत असेल तर कारण विजेकडचं.

बेअरिंगचा सुरुवातीचा दोष कित्येक किलोहर्ट्‌झवर बोलतो. स्वस्त सेन्सर १ किलोहर्ट्‌झच्या आसपास थांबतात, त्यांना तो दोष उशिरा ऐकू येतो. खरेदीआधी हा आकडा विचाराच. आणखी एक फसगत: बॅटरी वाचवायला सेन्सर तासाला एकदा मोजतो आणि नेमकी तेव्हा मोटर बंद असते. आलेख छान सपाट दिसतो. मोटर चालू असतानाच मोजण्याचं सेटिंग असतं, ते लावा. पहिले दोन आठवडे अलार्म लावू नका, नेहमीची पातळी जमू द्या, मग तिच्या दीडपटीवर सूचना आणि दुपटीवर धोका ठेवा.

एनर्जी मीटर आणि आरएस-४८५

महावितरणचं एचटी (उच्चदाब) बिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टरही धरणाऱ्या युनिटवर, येतं, त्यामुळे कुठली मोटर किती पॉवर फॅक्टरवर चालते हे कळणं आता थेट पैशांचं झालं आहे. मीटर बसवताना चुका बहुतेक सीटीत (वायरीचा मोठा करंट लहान करून मीटरला देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरमध्ये) होतात.

सीटीवर पी-१ लिहिलेली बाजू सप्लायकडे. एखादी उलटी बसली तर त्या फेजचा किलोवॅट उणे येतो आणि बेरीज एक तृतीयांशावर येते. आर फेजची सीटी वायच्या टर्मिनलला गेली तर अँपिअर बरोबर आणि पॉवर फॅक्टर विचित्र. आणि लोड चालू असताना सीटीची सेकंडरी (मीटरकडे जाणारी बाजू) कधीही उघडी सोडायची नाही. टोकांवर जिवावर बेतेल एवढा व्होल्टेज तयार होतो. आधी शॉर्टिंग लिंक (सेकंडरीची दोन्ही टोकं जोडणारी पट्टी) लावा, मग वायर सोडवा.

१४ अँपिअरच्या मोटरला १००/५ ची सीटी लावली तर ती क्षमतेच्या १४ टक्क्यांवर काम करते आणि कमी लोडवर अचूकता ढासळते. लहान सीटी नसेल तर तीच वायर सीटीच्या भोकातून दोनदा ओवा. सीटी ५०/५ सारखी वागते, मीटरमध्येही ५०/५ भरा. मग पडताळा घ्या: १.७३२ × ४१५ × १४ × ०.८५ म्हणजे साधारण ८.५ किलोवॅट. क्लॅम्पवर १४ अँपिअर आणि मीटरवर २.८ किलोवॅट दिसले तर परत सीटीकडे.

आरएस-४८५ म्हणजे मीटरचे आकडे संगणकाकडे नेणारी जोडणी. तिच्या डेटाची वायर शिल्डेड ट्विस्टेड पेअर (पिळलेल्या दोन तारा, वर धातूचं आवरण) घ्या, एका मीटरहून दुसऱ्याकडे अशी साखळीने न्या, फाटे फोडू नका. साखळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध. शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा. प्रत्येक मीटरला १ ते २४७ मधला वेगळा पत्ता, आणि बॉड रेट (डेटाचा वेग) व पॅरिटी (डेटातली चूक ओळखायची खूण) सगळीकडे सारखी. एकही मीटर बोलत नसेल तर ए आणि बी वायरी अदलाबदल करून बघा, कंपन्यांची खूण सारखी नसते. मीटर बोलतो पण आकडे अब्जावधीत येतात, तेव्हा मीटरच्या मेमरीतल्या रजिस्टरचे दोन शब्द उलट्या क्रमाने वाचले जात असतात किंवा त्या रजिस्टरचा पत्ता एकाने चुकलेला असतो. ही वायर पॉवर केबलच्या ट्रेमधून नेऊ नका, व्हीएफडीच्या केबलजवळून तर नाहीच.

अर्थिंग

क्लॅम्पसारखा अर्थ टेस्टर सोयीचा आहे, पण त्याला परतीचा मार्ग लागतो. एकट्या, कशालाच न जोडलेल्या इलेक्ट्रोडवर (जमिनीत गाडलेल्या अर्थच्या कांबीवर) तो काहीच सांगू शकत नाही. आणि ०.१ ओहमसारखा फारच सुंदर आकडा आला तर बहुधा तुम्ही जमीन मोजलीच नाही, लोखंडाचं एक वेटोळं मोजलं. खात्री हवी असेल तर खुंट्यांची जुनी पद्धत: करंटची खुंटी ३० मीटरवर, व्होल्टेजची सुमारे साडेअठरा मीटरवर, आणि ती थोडी मागेपुढे करून आकडा फारसा हलत नाही ना ते बघायचं. त्यासाठी इलेक्ट्रोड कारखान्याच्या अर्थच्या जाळ्यापासून सोडवावा लागतो, तो कारखाना पूर्ण बंद असतानाच.

आपल्या काळ्या जमिनीत हा आकडा ऋतूप्रमाणे हलतो. ऑगस्टमध्ये माती ओली, फुगलेली, इलेक्ट्रोडला घट्ट धरून असते. मेमध्ये तीच माती हातभर भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. ऑगस्टचा चांगला आकडा फाइलला लावून वर्षभर निर्धास्त राहणारे कारखाने बरेच आहेत. चाचणी मेच्या शेवटच्या आठवड्यात घ्या, पाणी टाकण्याआधी घ्या, आणि पाणी टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन दोन्ही आकडे तारखेसह अर्थ पिटाच्या (इलेक्ट्रोडच्या खड्ड्याच्या) झाकणावर रंगवून ठेवा.